चौघे, एक बाटली आणि एक बाई
डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या बलात्कारानंतर, २०१३ साली, घाटकोपरच्या नगरसेविका रितू तावडे यांनी दुकानांबाहेरचे अंतर्वस्त्रांतले पुतळे हटवण्याचा ठराव मुंबई महापालिकेत मांडला. सभागृहाने तो मंजूर केला, अंमलबजावणी मात्र झाली नाही. घाटकोपरलाच राहणारी माझी आत्या त्या ठरावाच्या बाजूची. मी अंधेरीत जाहिराती लिहिते. आमचा हा वाद जुना आहे.

आत्या : पुतळ्यामुळे बलात्कार होतो असं मी म्हणतच नाही. पण डोकं नसलेलं नुसतं धड रोज बघत वाढलेला मुलगा बाईकडे कसा बघेल, हे विचारायचंही नाही का?

मी : विचार ना. पण ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीला, आंबोलीत, मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस यांना भररस्त्यात भोसकलं. त्याचा पुतळ्यांशी काय संबंध?

आत्या : मग त्या गुंडांना एवढी हिंमत आली कुठून?

मी : बाईच्या ‘नाही’ला किंमत नसते, या खात्रीतून. ती खात्री विकायला कपडे उतरवावे लागत नाहीत गं. जून २०२२ मधली लेयर शॉट डिओडरंटची जाहिरात आठव. दुकानात एक मुलगी, तिच्यामागे चार पुरुष. आपण चौघे, ही एकटी, शॉट कोण घेणार, असं त्यांचं बोलणं. ती दचकून वळते. तिच्या चेहऱ्यावर भीती आणि संताप. मग कळतं, ते फडताळावरच्या शेवटच्या बाटलीबद्दल बोलत होते. आणि आपण हसायचं!

आत्या : कशाला हसायचं? पोरगी घाबरली म्हणून?

मी : हो, तिची भीती हाच त्यातला विनोद. तुझ्या ठरावात ही जाहिरात सापडली असती का?

आत्या : नसती सापडली. पण १९८६ चा कायदा वाच. स्त्रीच्या अशोभनीय चित्रणाबरोबर तिची अप्रतिष्ठा करणारं चित्रणही त्यात येतं. तरी ही जाहिरात पडद्यावर आली. लिहिणारा, दिग्दर्शक, नट, पैसे देणारी कंपनी, एकालाही खटकलं नाही?

मी : ४ जूनला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ट्विटर, यूट्यूबला ती काढायला सांगितलं. जाहिरात उद्योगाची १९८५ पासूनची स्वनियमन संस्था ‘आस्की’ इथे मुंबईतच आहे. तिनेही ती थांबवली.

आत्या : दाखवून झाल्यावर! आधीच तपासा की.

मी : तपासणारा आधी उघडी पाठ कापेल आणि हीच जाहिरात पास करेल. १९९५ मध्ये बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र दिसले, तर खटला वर्षानुवर्षं चालला. त्या चित्रात कोणी कोणाला घाबरलेलं नव्हतं.

आत्या : तरी ते बिनडोक्याचं धड मला बोचतंच.

आत्याचं बोचणं खरं आहे, आणि ते मी खोडून काढू शकलेले नाही. तरी पुतळा आधी की ती बाटली, असं विचारलं तर माझं मत बाटलीच्या विरोधात. ‘आस्की’कडे तक्रार कोणालाही करता येते, पैसे लागत नाहीत. अशी जाहिरात दिसली तर त्याच दिवशी तक्रार करा, आणि किती अंग दिसलं यापेक्षा तिच्यातली बाई कोणाला घाबरली होती, ते आधी लिहा.