उचलणे आणि सोसणे

पवित्र मिस्सामध्ये भाकर मोडली जाते तेव्हा आपण देवाच्या कोकराला उद्देशून विनवणी करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) ही विनवणी लॅटिन भाषेत होत असे. अर्थ उमगला नाही तरी ती मुखोद्गत असलेली वडीलधारी माणसे आम्ही आमच्या धर्मग्रामात पाहिली आहेत. त्या विनवणीत ‘तोल्लिस’ असे एक क्रियापद येते. जगाच्या पापांचे कोकरा नेमके काय करतो, ते सांगण्याची जबाबदारी या एका शब्दावर आहे. हा शब्द व्याकरणाच्या वाटेने पाहू गेल्यास एका नैतिक प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

लॅटिनमध्ये ‘फेरो’ नावाचे एक अनियमित क्रियापद आहे. त्याचा अर्थ वाहणे, सोसणे. वर्तमानकाळात ते ‘फेरो, फेर्स, फेर्त’ असे चालते. म्हणजे मधला स्वर गाळून टाकते. भूतकाळात तर ते ओळखूच येत नाही. ‘मी वाहिले’ म्हणावयाचे असेल तर ‘तुली’ आणि ‘वाहिलेले’ म्हणावयाचे असेल तर ‘लातुम’! विद्यार्थ्याला हे विचित्र वाटते. पण आपणही ‘जातो’ म्हणतो आणि लगेच ‘गेलो’ म्हणतो. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूचा वंशज, तर ‘गेलो’ हे ‘गम्’ धातूपासून आलेले. दोन निरनिराळ्या घरांतील शब्द एका संसारात नांदू लागतात, तसेच हे आहे.

‘फेरो’ आपल्याला परका नाही. संस्कृतातील ‘भृ’ धातू आणि आपला ‘भार’ हे त्याचे सख्खे नातलग होत. ‘तुली’चे नाते आपल्या ‘तुला’ आणि ‘तोलणे’ या शब्दांशी आहे. हा ‘तुली’ मुळात उचलणे या अर्थाच्या धातूचा. आणि ‘तोल्लो’ म्हणजे ‘मी उचलतो, मी दूर करतो’ हे क्रियापदही त्याच धातूचे. वाहण्याला स्वतःचा भूतकाळ नव्हता. तो त्याने उचलण्याकडून घेतला.

याहून मोठे नवल पुढेच आहे. ‘फेरो’ला ‘खालून’ या अर्थाचा उपसर्ग लागला की ‘सुफ्फेरो’ होते: ओझ्याखाली उभे राहून ते पेलणे, म्हणजेच सोसणे. त्याचे भूतकाळी रूप शब्दकोश ‘सुस्तुली’ असे देतात. आणि ‘तोल्लो’चे भूतकाळी रूप? तेही ‘सुस्तुली’च! वर्तमानकाळात ‘मी दूर करतो’ आणि ‘मी सोसतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम पुरे झाल्यावर मात्र ‘मी दूर केले’ आणि ‘मी सोसले’ यांना एकच शब्द उरतो. व्याकरणाच्या योगायोगातून धर्मसिद्धांत काढू नये, हे आम्ही जाणतो. तरीही हा योगायोग विचार करावयास लावतो खरा.

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी (योहान १:२९) ‘हरण’ हा शब्द योजिला आहे. नाशिककरांना ‘हरण’ म्हटले की आधी पंचवटी आणि सीताहरण आठवते. ‘हृ’ धातूही असाच दुहेरी आहे: त्याचा अर्थ वाहून नेणे असा होतो, तसाच हिरावून नेणे असाही होतो.

आता प्रश्न असा, की वाईट गोष्ट कोणीही न सोसता नाहीशी होऊ शकते काय? कर्ज माफ झाले म्हणजे रक्कम हवेत विरून जात नाही. सावकार ती आपल्या पदरची सोसतो. अपमान गिळला जातो तेव्हा तो कोणाच्या तरी पोटात असतो. आम्हांला वाटते, या जगात दुःख नुसते पुसले जात नाही. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. म्हणून ‘दूर केले’ असे कोणी म्हणताच ‘कोणी सोसले?’ असे विचारले पाहिजे.

हे आम्हांला आमच्याच घराने शिकविले. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही भावंडे एका रविवारी दुपारी बसलो आणि तो प्रश्न आम्ही ‘सोडविला’. चहा झाला, सगळे आपापल्या गावी गेले. पुढची सहा वर्षे धाकट्या वहिनीने काढली. तिला कोणी विचारले नव्हते. ती बैठकीला होती, पण चहा करीत होती. आम्ही सणासुदीला जात असू आणि म्हणत असू, ‘देवाने तिला तिचा क्रूस दिला आहे.’ तो क्रूस देवाने दिला नव्हता. आम्ही दिला होता.

मग सोसणे केव्हा पवित्र आणि केव्हा नुसता अन्याय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला नाशिकच्याच एका जुन्या हकिगतीत सापडते. रामकुंडावर आप्तांच्या अस्थी घेऊन येणारी माणसे हे शहर रोज पाहते. परंतु येथे वाढलेल्या काही तरुणांनी एक देह किती दूर वाहून नेला, हे आज थोड्यांनाच ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकात शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचा आश्रम होता. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेलेली आणि इंग्रज जहाजांनी समुद्रावर सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. ज्यांचे अपहरण झाले होते, ज्यांना इतरांनी वस्तूप्रमाणे उचलून नेले होते, अशी ही मुले होती.

१८७२ मध्ये जेकब, मॅथ्यू वेलिंग्टन आणि त्यांचे काही नाशिकचे सोबती डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. मे १८७३ च्या आरंभी चितांबो या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारले. सुसी आणि चुमा या जुन्या सेवकांसह या माणसांनी ठरविले, की देह त्यांच्या मायदेशी पोहोचवावयाचा. हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळविला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला. हजारांहून अधिक मैलांचा तो प्रवास होता. वाटेत आजारपण आले, काहीजण दगावले. भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरावा असे सुचविले. त्यांनी ते मानले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले, आणि तेथील कॅथलिक मिशनने त्या देहाला आपल्या चर्चमध्ये विसावा दिला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. लॅटिनमध्ये तिरडीला ‘फेरेत्रुम’ म्हणतात. तो शब्द ग्रीकमधून आला असला तरी ‘फेरो’च्याच कुळातला आहे.

लिव्हिंगस्टन यांच्या कार्याविषयी मतभेद असू शकतील. आम्हांला येथे वाहणाऱ्यांचे मोल वाटते. ज्या मार्गांनी गुलामांच्या खांद्यांवर हस्तिदंत लादून आणीत, त्याच मुलखातून हे लोक ओझे घेऊन चालत आले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसला नसता. ओझे तसेच, ऊन तेच, खांदेही तसेच. पण हे ओझे त्यांनी आपण होऊन घेतले होते. ते केव्हाही टाकता आले असते. टाकण्याचा सल्लाही मिळाला होता.

संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलमध्ये हाच भेद ‘तोल्लो’ या एकाच क्रियापदाच्या आधाराने दिसतो. पिलातासमोरचा जमाव येशूला दूर करा म्हणून ओरडतो (योहान १९:१५), तेथे हेच क्रियापद आहे. आपला प्राण कोणी आपल्यापासून हिरावून घेत नाही, आपण तो स्वतः होऊन देतो, असे प्रभू सांगतो (योहान १०:१८), तेथेही हेच. जमावाला माणूस दूर करून प्रश्न मिटवावयाचा होता. कोकरा पाप दूर करतो ते स्वतः खाली उभा राहून. आणि शिष्याने स्वतःचा क्रूस उचलावा, असे जेथे म्हटले आहे (मत्तय १६:२४), तेथेही ‘तोल्लो’च आहे. स्वतःचा, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला नव्हे.

म्हणून आम्हांला असे वाटते, की सोसण्याचा उपदेश दुसऱ्याला करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मार खाणाऱ्या पत्नीला, राबविल्या जाणाऱ्या मजुराला, न विचारता जुंपलेल्या सुनेला ‘हा तुझा क्रूस’ असे सांगणे म्हणजे जमावाच्या बाजूला उभे राहणे होय. त्यांचे ओझे आधी उतरविले पाहिजे. आणि ते उतरवावयाचे तर कोणीतरी आपण होऊन खांदा पुढे केला पाहिजे.

आमची आई गेल्यावर आम्ही वहिनीची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘मी केलं असतंच हो. पण एकदा विचारायचं होतं.’ कोकराला उद्देशून ती विनवणी आम्ही आजही करतो. आणि ‘हरण’ या शब्दापाशी आम्हांला तिचे ते वाक्य आठवते.