भाड्यात काय येते?

गाडीत पाय ठेवण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे, ही आमच्या वडिलांची शिकवण. मिरज स्थानकाबाहेर टांगेवाल्याशी दोन रुपयांसाठी ते पाव तास हुज्जत घालीत. आणि एकदा बोली ठरली की तिच्याबाहेर एक पैसा देत नसत, आणि तिच्याबाहेर कसली अपेक्षाही करीत नसत. व्यवहार स्पष्ट असला म्हणजे नीतीचा प्रश्न उरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस येऊन आम्हांला अकरा वर्षे झाली. या अवधीत भाड्याने मोटार घेऊन परगावी जाण्याचे प्रसंग पुष्कळ आले आणि प्रत्येक वेळी आम्ही वडिलांच्या शिस्तीने बोली केली. गेल्या मे महिन्यातील एका रात्री मात्र त्या श्रद्धेला तडा गेला.

मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्यांना ही बोली एव्हाना पाठ झालेली असते. किलोमीटरचा दर, दिवसाला बहुधा किमान 250 किलोमीटरची आकारणी, चालकाचा दैनिक भत्ता, रात्री उशिरापर्यंत चालविल्यास वेगळा आकार, टोल, परराज्याचा कर, आणि मोटार एकेरी नेली तर पुष्कळदा तिच्या रिकाम्या परतीचेही भाडे. या शेवटच्या कलमाचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे. मोटारीच्या रिकामेपणालाही किंमत आहे! रजा-प्रवास-सवलतीत खासगी मोटारीचे भाडे सहसा मंजूर होत नाही, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा हा सारा खर्च स्वतःच्या खिशातला, आणि स्वतःच्या खिशातला खर्च माणूस फार बारकाईने वाचतो. आम्हीही वाचला होता. त्यात चालकाच्या झोपेचे कलम नव्हते. ते नाही, हे वाचताना आमच्या ध्यानातही आले नव्हते.

ग्वाल्हेरीस सौ.च्या मामेबहिणीचे लग्न होते. शिंदेशाहीपासून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी ते एक. आईच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, आगगाडी तेथे थांबते ती जेमतेम काही मिनिटे, आणि मे महिन्यातील प्रतीक्षा-यादीवर विसंबणारा मनुष्य लग्नाऐवजी बारशाला पोहोचण्याचा संभव अधिक. म्हणून मोबाइलवरून एका कंपनीची मोटार ठरविली. पहाटे पाच वाजता रामकृष्णपुरम येथील आमच्या सरकारी निवासस्थानासमोर ती उभी राहिली. चालक पंचविशीच्या आतला, हसतमुख, काटकोळा. जाऊन-येऊन सुमारे 700 किलोमीटर. त्याच रात्री परत निघावयाचे, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांपैकी पाच आम्ही आधीच संपविल्या होत्या. "रात में लौटना है, चलेगा न?" असे आम्ही त्याला निघतानाच विचारले. तो म्हणाला, "जी साहब." बोली पुरी झाली.

ग्वाल्हेरीस मे महिन्यात दुपारी ऊन कसे असते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. लग्नघरी आम्ही वाताशीत दालनात बसून मठ्ठा प्यालो. चालक कोठे होता, हे आम्हांला ठाऊक नव्हते. उभ्या मोटारीत यंत्र चालू ठेवून गारवा घेण्याची त्याला मालकाची मनाई होती, आणि यंत्र बंद केले तर त्या पत्र्याच्या पेटीत झोपणे अशक्य होते, हे पुढे कळले. आईने तेवढे त्याच्यासाठी ताट वाढून पाठविले होते. "तुमने जेवण किया क्या?" या तिच्या हिंदीला सौ. नेहमी हसते, परंतु एवढ्या मोठ्या मांडवात तो प्रश्न त्या मुलाला विचारणारी ती एकटीच होती.

रात्री साडेदहाला निघालो. चंबळचा पूल, ढोलपूर, आग्रा मागे पडले आणि आम्ही यमुना द्रुतगती मार्गावर आलो. ग्रेटर नोएडा ते आग्रा असा सुमारे 165 किलोमीटरचा हा रस्ता 2012 साली खुला झाला. सरळ, सपाट, काँक्रीटचा. ज्या रस्त्याला वळणे नाहीत तो निर्धोक, असे आम्हांला पूर्वी वाटत असे. वास्तविक वळण माणसाला जागे ठेवते. जुलै 2019 मध्ये याच मार्गावर आग्र्याजवळ लखनौहून दिल्लीस येणारी बस पहाटे नाल्यात कोसळली आणि 29 माणसे गेली; चालकास डुलकी लागली असावी, असे त्या वेळी सांगण्यात आले. हे सारे आम्हांला माहीत होते. तरीही आम्ही मागच्या आसनावर मान टाकून गाढ झोपलो होतो.

मथुरेच्या अलीकडे केव्हातरी चाके रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर खडखडली, मोटार एक हिसका खाऊन पुन्हा मार्गावर आली, आणि आम्ही जागे झालो. आमच्या तोंडी काय आले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्याचा आशय इतकाच की, आम्ही पुरे पैसे मोजले आहेत. आई पुढच्या आसनावर होती आणि जागी होती. ती रागावली नाही. तिने विचारले, "बेटा, कल रात को सोया था की नाही?" तो म्हणाला, "कहाँ माताजी. एक बजे हरिद्वार से लौटा, पाँच बजे आपके यहाँ."

पुढच्या सुविधा-केंद्रावर मोटार थांबविली. आसन मागे करून तो मुलगा आडवा झाला आणि त्याच क्षणी झोपला. इतक्या लवकर झोपी गेलेले माणूस आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. आम्ही बाहेर बाकावर चहाचा कागदी पेला घेऊन बसलो आणि घड्याळाकडे पाहत हिशेब करू लागलो. न थांबता गेलो असतो तर साडेतीन-चारला घरी पोहोचून तीन तास झोप मिळाली असती. अडीच तास थांबलो तर साडेसहा, कार्यालय नऊला. म्हणजे कार्यालयाचे काहीच बिघडत नव्हते. जे बिघडत होते ती आमची झोप. आणि आम्ही तर ग्वाल्हेरपासून झोपतच आलो होतो! दोन झोपा तराजूत होत्या, एक अर्धीअधिक झालेली आणि एक मुळीच न झालेली. आणि तरीही आमचा काटा आमच्या बाजूला झुकत होता. ही गोष्ट कबूल करावयास बरे वाटत नाही.

त्याला आम्ही झोपू दिले, यात आमचे औदार्य कितपत होते? आम्ही तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो. मनुष्याला कधीही केवळ साधन मानू नये, त्याच वेळी साध्यही मानावे, हे कांटचे सूत्र तेव्हा आम्ही परीक्षेपुरते घोकले होते आणि त्यातील 'केवळ' या शब्दावर एक संपूर्ण उत्तर लिहिले होते. त्या बाकावर ते उत्तर आठवले. आम्ही त्याला झोपू दिले ते तो थकला होता म्हणून नव्हे, तर त्याची झोप आमच्या जिवाशी बांधलेली होती म्हणून. त्याच लग्नात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत भांडी घासणारी माणसे होती. त्यांच्या डोळ्यांवर झोप आली असती तर फार तर एखादे ताट अस्वच्छ राहिले असते; त्यांना कोणी 'झोपलास का' म्हणून विचारले नाही, आणि आम्हांला ते आठवलेही नाही. तेव्हा त्या रात्री आम्ही साधनाचीच निगा राखली, असे म्हणावे लागते.

येथे कोणी म्हणेल, त्याने होकार दिला होता. हा आक्षेप खोटा नाही. तो सज्ञान होता, आम्ही काही लपविले नव्हते; त्याने मात्र आपले हरिद्वार लपविले. परंतु 'जी साहब' या शब्दांचे वजन सरकारी कारकुनाइतके कोणाला कळणार? शुक्रवारी सायंकाळी साडेपाचला कक्षाधिकारी धारिका हाती देऊन 'आज होईल ना' असे विचारतात, तेव्हा आम्हीही तेच दोन शब्द उच्चारतो. फरक एवढाच की, आमच्या होकारानंतर चूक झाली तर टिपणी परत येते, आणि नकार दिला तरी महिन्याचे वेतन थांबत नाही. त्या मुलाला पैसे फेरीवर मिळतात. एक फेरी नाकारली तर ती दुसऱ्याला जाते, आणि बहुधा पुढचीही. ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही त्याच्या 'हो'ला संमती म्हणावे काय? आम्हांला वाटते, म्हणावे, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर राहते. त्याने आदली रात्र कोठे काढली, हे विचारण्यास आम्हांला कोणी अडविले नव्हते. आम्ही विचारले नाही. कारण उत्तर मिळाले असते तर दुसरी मोटार शोधावी लागली असती.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच सोडविला आहे, असे वाचकांपैकी काहींना स्मरेल. 1961 च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकाच्या कामास सामान्यतः दिवसाला आठ व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी ती दहा व 54 तासांपर्यंत वाढविण्याची सोय ठेवली. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकाच्या तासांसाठी त्याच अधिनियमाकडे बोट दाखविले. 2020 साली संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितेत तो पुढे समाविष्ट झाला. परंतु 1961 चा अधिनियम मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांसाठी होता. आमच्या मोटारीच्या मालकाच्या मोटारी तीन. शिवाय हरिद्वारची फेरी एकाची आणि ग्वाल्हेरची दुसऱ्याची असली, तर दोन्ही कागदांवरचे तास निर्दोषच दिसणार. जे दोन कागदांच्या मध्ये पडते ते कोणालाच दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव.

महाभारतात द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीचा एक प्रसंग आहे. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी करावयाची आहे, आणि घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले आहेत. भर रणात अर्जुन रथ थांबवितो, बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, आणि कृष्ण घोडे सोडून त्यांची शल्ये उपटतो, त्यांना पाणी पाजतो, चोळतो. आमच्या सोमवारपेक्षा त्या सूर्यास्ताची निकड निश्चितच मोठी होती. लहानपणी ही कथा आम्हांला भूतदयेची वाटे. आता तिच्यात व्यवहारही दिसतो: ते घोडे गेले असते तर तसे दुसरे मिळणे नव्हते. मिरजेचा टांगेवालासुद्धा दुपारी घोडा सोडून झाडाखाली बांधी आणि 'आता नाही' असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे. कारण घोडा त्याचे भांडवल होते. आजचा मालकही मोटारीला ठराविक अंतरानंतर कारखान्यात विसावा देतो, तेल बदलतो, चाके तपासतो. मोटार त्याने पैसे देऊन आणली आहे. चालक त्याला फुकट मिळाला आहे, आणि हा गेला तर दुसराही फुकटच मिळेल. घोड्याच्या जागी यंत्र आले तेव्हा दमणारा जीव रथातून नाहीसा झाला, असे आपण मानले. तो फक्त लगाम धरणाऱ्याच्या जागी जाऊन बसला.

घरी पोहोचल्यावर आईने आपल्या पिशवीतला लग्नातला लाडू त्याच्या हातावर ठेवला. आम्ही भाड्यापेक्षा 300 रुपये अधिक दिले. तो लाजला, 'माफ करना' म्हणाला आणि गेला. मग मोबाइलवर कंपनीची विचारणा आली: प्रवास कसा झाला, पाचपैकी किती तारे देता? तीन दिवस आम्ही ती तशीच ठेवली. पाच दिले तर आम्ही खोटे बोलतो, आणि उद्या दुसरे एखादे कुटुंब त्याच्या मागे मान टाकून झोपते. दोन दिले तर त्याचे काम जाते, आणि ज्यांनी त्याला हरिद्वारहून आल्या पावली आमच्या दारी पाठविले ते तसेच राहतात. सत्य सांगणे हे कर्तव्य खरे. पण सत्य जेथे पोहोचावयाचे तेथे न पोहोचता वाटेत सर्वांत दुबळ्यावर कोसळणार असेल, तर ते सांगण्याची रीत कोणती? नापसंतीची जी कारणे दिली होती त्यांत चालकाचे वर्तन होते, मोटारीची स्वच्छता होती, वेळ होती. झोप नव्हती.

अखेर आम्ही पाच तारे दिले आणि खालच्या मोकळ्या जागेत सविस्तर टिपणी लिहिली. चालकाला आधी विश्रांती मिळाली नव्हती. दोष त्याचा नसून फेऱ्या लावणाऱ्यांचा आहे, आणि काही अंशी आमचाही आहे. दोन फेऱ्यांमध्ये झोपेपुरते अंतर ठेवावे. अकरा वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ टिपणी आम्ही क्वचितच लिहिली असेल. दोन दिवसांनी उत्तर आले. आपल्या सूचनेबद्दल आभार. संबंधित चालकावर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे. ही भाषा आमच्या परिचयाची आहे. अशी पत्रे आम्हीही पाठविली आहेत. आम्ही पुन्हा लिहिले की, आमची तक्रार चालकाविरुद्ध नाही. त्यावर, प्रकरण बंद करण्यात आले आहे, असे कळविण्यात आले. चालकाचा स्वतःचा क्रमांक आमच्याकडे नव्हता; कंपनीने जोडून दिलेला क्रमांक प्रवास संपताच मिटला होता.

गेल्या आठवड्यात जयपूरला जाण्यासाठी आम्ही शेजारच्या वसाहतीतील एका मोटारवाल्याला विचारले. दर ठरला, भत्ता ठरला. मग आम्ही म्हटले, चालक आदल्या रात्री घरी झोपलेला असावा. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, तसे हवे असेल तर त्याला आदल्या दिवशीची फेरी देता येणार नाही, आणि त्या दिवसाची मजुरी तुम्हांला द्यावी लागेल. मागणी रास्त होती. आकडा ऐकून आम्ही, घरी विचारून कळवितो, असे सांगितले. आई म्हणते, देऊन टाका. सौ. म्हणते, ही मजुरी मालकाने सोसावयाची, आपण का? आम्हांला दोघींचेही पटते. प्रवास येत्या शनिवारी आहे आणि मोटारवाल्याला अजून कळवावयाचे राहिले आहे.