मृताची लाज कोणी राखायची?



१९९१ च्या फेब्रुवारीअखेर आखाती युद्ध संपता संपता एका अमेरिकन छायाचित्रकाराने ट्रकमध्ये जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचे छायाचित्र टिपले. असोसिएटेड प्रेसच्या न्यूयॉर्क कार्यालयाने ते वृत्तपत्रांना पाठवलेच नाही. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने मार्चमध्ये ते छापले, तेव्हा मोठा वाद झाला.

लहान मुले पाहतील, वाचकांना धक्का बसेल, ही काळजी रास्तच आहे. पण आपले मन जपणे वेगळे आणि मृताचा मान जपणे वेगळे. पहिल्यालाच आपण दुसऱ्याचे नाव देतो. मग युद्ध प्रेतांवाचून झाले असे वाटू लागते, आणि त्याला होकार देणे सोपे जाते.

याचा अर्थ सर्वच दाखवावे असा नाही. खप वाढावा म्हणून छापलेले प्रेत हा मृताचा वापरच होय. आपल्या सैनिकाचा चेहरा झाकायचा आणि शत्रूचा उघडा टाकायचा, हाही न्याय नव्हे.

आज असे चित्र आपल्या मोबाइलवर येते, तेव्हा संपादक आपणच असतो. पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारू या: हा आपला भाऊ असता, तर आपण हे कोणाला आणि कशासाठी दाखवले असते?