विषयाची शीव

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे माझे एक स्नेही परवा बोलता बोलता म्हणाले की, विज्ञानाच्या विद्यार्थ्यास इतिहासाचा अथवा वाणिज्याचा एक विषय सक्तीने घ्यावयास लावणे म्हणजे ज्याला दोन वेळची भाकर धड मिळत नाही त्याच्या जेवणानंतरच्या विड्याची काळजी वाहण्यासारखे आहे. हे त्यांनी रागाने म्हटले असते तर मी ते तेथेच सोडून दिले असते. परंतु ते त्यांनी कळवळ्याने म्हटले, आणि म्हणूनच ते माझ्या मनात सलत राहिले.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा वाचकांच्या परिचयाचा आहे. तीन वर्षांच्या पदवीस लागणाऱ्या १२० ते १३२ श्रेयांकांपैकी दहा-बारा श्रेयांक विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरच्या विषयांतून, आणि तेही पहिल्या दोन वर्षांत, मिळवावेत, ही त्यातील अट तेवढी येथे प्रस्तुत आहे. २०११ साली नागपूर विद्यापीठापासून विभक्त होऊन स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. धोरण दिल्लीत ठरले आणि त्याचा तपशील मुंबईत बांधला गेला, तरी सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरपना अशा गावांतून आलेल्या मुलामुलींच्या वेळापत्रकात त्याचा खराखोटेपणा कळावयाचा आहे.

सक्तीविषयी माझ्या मनात मुळातच अढी होती, आणि तिला कारणही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मेहता यांच्या पर्यावरणविषयक खटल्यात दिलेल्या निर्देशांचा परिपाक म्हणून पुढे पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला. हेतू इतका उदात्त असलेला विषय क्वचितच कोणा अभ्यासक्रमात आला असेल. पण तोच अभ्यासक्रम तशाच प्रकरणांनी आणि तशाच व्याख्यांनी मुंबईत शिकविला जातो आणि ताडोबाच्या सीमेलगतच्या गावातही. ज्या मुलीच्या घरी वाघाच्या भीतीने मोहफुले वेचावयास एकट्याने जाणे बंद झाले आहे, तिने परिसंस्थेची व्याख्या पाठ करून चार गुण मिळवावेत आणि तिच्या घरच्या या प्रश्नाचा त्या व्याख्येशी काही संबंध आहे हे तिला कोणी सांगू नये, यात दोष सक्तीचा आहे की आणखी कशाचा, हा विचार मला दीर्घकाळ छळीत आला आहे.

आपल्या विषयाच्या बाहेर असलेले विषय दोन प्रकारचे असतात, असे मला नेहमी वाटते. एक प्रकार नुसता बाहेरचा: तो कोणताही असू शकतो, आणि तो वगळला तरी आपल्या अभ्यासात काही तुटत नाही. दुसरा प्रकार शिवेवरचा: आपल्याच विषयाची वाट चालत गेले असता जेथे तो विषय निरुत्तर होतो आणि पुढचे शेत दुसऱ्याचे लागते, तेथे तो भेटतो. पहिल्याने बहुश्रुतता येते, आणि ती वाईट नव्हे. पण दुसऱ्यावाचून आपल्या विषयाची हद्द कोठे संपते हेच कळत नाही, आणि ज्याला आपली हद्द ठाऊक नाही तो आपल्या हद्दीतही निर्धास्तपणे खोटे निष्कर्ष काढीत राहतो.

या प्रदेशात याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास बांबू हे गवत आहे, ते काही दशकांतून एकदा फुलते आणि फुलले की मरते, हे ठाऊक असते. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने झाडांच्या व्याख्येत बांबूचाही अंतर्भाव केला होता आणि तो २०१७ साली वटहुकूम निघेपर्यंत तसाच राहिला, हे त्याला त्याचे शास्त्र सांगत नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जंगलांतील बांबू कोणत्या अटींवर मिळत होता, हेही सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि त्याचा हक्क जंगलावर परंपरेने अवलंबून असलेल्यांना दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून गावाबाहेर विकण्याचा वाहतूक परवाना हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तो देण्यासाठी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावी यावे लागले. तो मधला काळ कशात गेला याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही. ते कायद्यात आहे, महसुलात आहे, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांच्या वनखात्याच्या इतिहासात आहे.

मेंढ्याचे लोक हे सारे कोठे शिकले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कार्याने परिचित झालेल्या त्या गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालत असे; जो प्रश्न पुढे येईल त्याचा जाणकार बोलवावयाचा, त्याच्याशी चर्चा करावयाची, आणि निर्णय मात्र गावाने सर्वसहमतीने घ्यावयाचा. तेथे कोणावर कोणत्याही विषयाची सक्ती नव्हती. अडचणच त्यांना एका विषयातून दुसऱ्या विषयात नेत होती, आणि हे पाहून सक्तीविरुद्धचा माझा पक्ष बळकट झाला असे मला काही काळ वाटले.

येथे थोडे विषयांतर करतो. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल सिद्ध केला. सारा ठरविणे हे त्यांचे काम. पण तो ठरविण्यासाठी त्यांना मातीची प्रत, तलावांची संख्या, धानाची बांधी, जमीनदाऱ्यांचे दाखले आणि गोंड राजांच्या वंशावळी या सर्वांत शिरावे लागले, आणि चांद्याच्या गोंड राजघराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यास आजही त्या महसुली दप्तराकडे वळावे लागते. तो अहवाल परक्या सत्तेच्या तिजोरीसाठी लिहिला गेला हे मी विसरत नाही. परंतु आपल्याकडील मालगुजारी तलावांची, लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात त्यांची, मालगुजारी नष्ट झाल्यानंतर जी आबाळ झाली, ती पाहताना स्थापत्य, महसूल, मासेमारी आणि गावकी यांचा एकत्र विचार करणारा माणूस आपण का घडवू शकलो नाही, ही खंत मनातून जात नाही.

आता माझ्या स्नेह्यांच्या मुद्द्याकडे येतो. विद्यार्थी पहिल्या पिढीचा आहे, त्याला एक विषय तरी पक्का येऊ द्या, असे ते म्हणतात. आणि माझी सक्तीविषयीची अढी नेमकी याच ठिकाणी डळमळते. नागपुरात वकिलाच्या घरी वाढणारी, विज्ञान शिकणारी मुलगी कायदा जेवताना ऐकते. तिच्यासाठी शिवेपलीकडचे शेत घराच्या खिडकीतूनच दिसते. एटापल्लीच्या मुलाला ते महाविद्यालयाने दाखविले नाही तर कोणी दाखवावयाचे? मेंढ्याच्या अभ्यासगटापुढे अडचण उभी होती म्हणून त्यांना विषय शोधता आला. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे ती अडचण अजून आलेली नसते, आणि जे आहे हेच ठाऊक नाही त्याची निवड तो कशी करणार? ज्या ऐच्छिकतेची मी इतकी वर्षे पाठराखण केली, तिचा लाभ ज्यांना घरी निवड करावयास शिकविले जाते त्यांनाच मुख्यतः होतो. म्हणून सक्ती असावी, असे मी आता म्हणतो.

पण ती पहिल्या दोन वर्षांत नसावी. ज्याला आपला विषय अजून नीट उमजलेला नाही त्याला त्या विषयाची शीव दिसणे शक्य नाही, आणि त्या वयात दिलेला कोणताही विषय नुसता बाहेरचाच ठरतो. तिसऱ्या वर्षी, आपल्या विषयात चार पावले आत गेल्यावर, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास वनहक्क कायदा आणि ग्रामसभेचे जमाखर्च शिकवावेत. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास पाणी तपासावयास शिकवावे, कारण चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण घातक असते आणि दातांवरचे ते डाग त्याने आपल्या वर्गातही पाहिलेले असतात. हे दुसरे उदाहरण माझ्या स्नेह्यांना एकदम पटले. रसायनशास्त्र इतरांना शिकवावे याला त्यांची हरकत नव्हती.

त्यांचा शेवटचा आक्षेप मात्र मला परतविता आला नाही. तालुक्याच्या ज्या महाविद्यालयात एकच कला शाखा आहे, तेथे शाखेबाहेरचा विषय शिकवावा कोणी? आज तो भार जो अध्यापक मोकळा सापडेल त्याच्या गळ्यात पडतो, आणि विद्यार्थी त्याच्या टिपणांवर उत्तीर्ण होतो. वनपरिक्षेत्र अधिकारी, भूजल प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रामसभेचा हिशेब वर्षानुवर्षे सांभाळणारा गावकरी, हे सर्व त्याच तालुक्यात राहतात. विद्यापीठाने त्यांना रीतसर नेमावे, त्यांचे मानधन आपल्या अंदाजपत्रकात धरावे, आणि त्यांच्या तासांना मूळ विषयाच्या अध्यापकानेही बसावे. हे होत नाही तोपर्यंत त्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर ही अट घालण्याचा अधिकार विद्यापीठास पोहोचतो, असे मला वाटत नाही.