थांबण्याची किंमत

उन्हाळ कांदा चाळीत भरला की निफाड-येवल्याकडच्या घरांत एकच प्रश्न मुक्कामाला येतो : आता विकायचा की थांबायचं? बाजाराचं गणित शिकायला मी पुस्तकं उघडली तेव्हा त्यांत शेअर आणि रोखे होते. पण ते उमगलं मामांच्या चाळीपाशी उभं राहिल्यावर. चाळीतला कांदा म्हणजे हवा तेव्हा विकण्याचा हक्क. शेअर बाजारात त्याला ऑप्शन म्हणतात. इथे तो हक्क रोज थोडा थोडा सडतो, एवढाच फरक.

समजा, शंभर क्विंटल ठेवला आणि दिवाळीपर्यंत सड आणि घट मिळून तीस क्विंटल गेला. तर नुसत्या बरोबरीला भाव सुमारे ४३ टक्क्यांनी वाढायला हवा. विचारलं तर बरेच जण तीस सांगतात. शाळेत टक्केवारी शिकताना आपल्यासमोर चाळ कधी नसतेच.

भाव पुढे कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. मात्र तो किती भरकटू शकेल, याचा हिशेब लुई बाशेलिए याने १९०० साली पॅरिसच्या शेअर बाजारावरच्या प्रबंधात मांडला. पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीवरचा आइन्स्टाइनचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी आला. मुळातलं गणित तेच. भाव क्षणोक्षणी किंचित वर-खाली होतो असं धरलं, तर त्याचा पसारा काळाच्या वर्गमुळाने वाढतो. एका महिन्याऐवजी चार महिने थांबलं, तर पसारा दुप्पटच होतो. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला किती माहीत नाही, हेसुद्धा मोजता येतं!

१९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढण्याचं सूत्र दिलं. त्याला दोन गोष्टी लागतात : भाव सलग हलला पाहिजे, आणि जोखीम झाकणारा उलटा सौदा केव्हाही करता आला पाहिजे. कांद्यापाशी दोन्ही कोसळतात. उलटा सौदा करायला वायदे बाजार लागतो, पण १९५५ साली शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी कांद्याचा तो बाजारच मुठीत धरला होता. त्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेने कायदा करून कांद्याचे वायदेच बंद केले. आणि सलगपणाचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, ८ डिसेंबरला थेट बंदी आली. लिलाव बंद पडले. त्या दिवसांत भाव घसरला म्हणणं अपुरं आहे, तो तुटला. अशा उड्या मर्टनने १९७६ मध्ये सूत्रात बसवल्या खऱ्या, पण त्याच्या उड्या फाशाच्या दानासारख्या आपोआप पडतात. दिल्लीतला निर्णय तसा येत नाही. शहरात भाव चढला की तो येतो, म्हणजे नेमका थांबलेल्याच्या हाती दोन पैसे लागण्याच्या वेळी. जे सूत्र हे धरत नाही, ते शेतकऱ्यापुढे ठेवायला माझं मन धजत नाही.

तरी एक रीत मी मामांसोबत कागदावर करून पाहिली. सुरुवात शेवटच्या दिवसापासून करायची. दिवाळीच्या सुमाराला नवा लाल कांदा आला की थांबण्याला किंमत उरत नाही. तिथून एकेक आठवडा मागे यायचं आणि प्रत्येक आठवड्याला विचारायचं : निदान किती भाव मिळाला तर आजच विकणं बरं? तो आकडा त्या आठवड्यापुढे लिहायचा. ऑगस्टपर्यंत मागे आलो तेव्हा मामांनी पेन थांबवलं. म्हणाले, ‘श्रावणात हवा दमट असते, तिथे सड जास्त धर.’

तिथून मागचे सगळे आकडे आम्ही पुन्हा मांडले.