वाकायला जागा
पावसाळ्यात बोरिवली-मुलुंडच्या रस्त्यांवर गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष उन्मळून पडतात. त्यांचे ओंडके आपण कचऱ्यात जमा धरतो. त्याच ओंडक्याचा लेथवर देखणा वाडगा होऊ शकतो, फक्त लाकडाचा स्वभाव ओळखावा लागतो. ओलं लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही. गाभ्याकडून सालीकडे ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट परिघाच्या दिशेनं आकसतं. म्हणून अख्खा ओंडका तडकतो. जाणकार कारागीर गाभा वगळून लाकूड चिरतो, ओलं असतानाच वाडगा कातून घेतो, पण त्याची कड व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड ठेवतो. काही महिने सावलीत वाळताना वाडगा लंबगोल होतो आणि राखलेल्या जाडीमुळेच तो पुन्हा गोल कातता येतो.

कुणी म्हणेल, भट्टीत वाळवून मोकळे व्हा. भट्टीनं वेळ वाचतो हे खरं, पण घाई केली की वरचा थर आधी आकसून चिरतो. प्लास्टिकचा वाडगा स्वस्त पडतो, हेही खरं. मात्र सावंतवाडीच्या लाकूडकामाला आजही गिऱ्हाईक आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं रंग वितळून अंगी बसतो, ती झळाळी साच्यातून निघत नाही. मुलंही ओल्या लाकडासारखीच, तरी त्यांना घडवताना आपण पहिल्याच फेरीत नेमका आकार मागतो. वाढताना ती थोडी वाकणारच, हे गृहीत धरून जरा जास्तीची जागा ठेवणं शहाणपणाचं.