नदी सरली, दोष कोणाचा?

पुरात घर गेलेल्या एका माळकरी बाईंनी कीर्तन संपल्यावर आम्हांस विचारले, "महाराज, माझं असं काय पाप होतं?" आम्ही प्रारब्धाचे नाव घेऊन मोकळे झालो. बाई गप्प बसल्या; पण समाधान त्यांचेही झाले नाही, आमचेही नाही.

पुढे लोथलची हकीकत वाचनात आली. गुजरातेत, साबरमती व भोगावो या नद्यांच्या मुखाकडील गाळाच्या प्रदेशात हे हडप्पाकालीन गाव. एस. आर. राव यांनी १९५५ ते १९६२ या काळात ते उकरून काढले. चार हजार वर्षांपूर्वी येथे मणी घडविणारे कारागीर व व्यापारी नांदत होते. विटांनी बांधलेले सुमारे २१५ मीटर लांबीचे एक कुंड तेथे आहे. कोणी त्यास गोदी म्हणतात, कोणी तळे.

पूर यायचे. लोकांनी कच्च्या विटांचे उंच ओटे घातले, त्यांवर घरे उभारली. मोडली की पुन्हा बांधली. शेवटी नदीनेच पात्र बदलले आणि वैभव ओसरले. तरी काही माणसे साध्या झोपड्यांतून तेथेच राहिली.

आता म्हणावे का, की गावाची पापे भरली? पण ज्या गाळाने गाव बुडाले, त्याच गाळावर ते वसले होते! कालची कृपा आज कोप कशी होईल? 'सृ' म्हणजे सरणे; त्यावरूनच 'सरित्' शब्द झाला. मुखाशी उतार कमी, म्हणून वेग मंदावतो, गाळ बसतो, पात्र उथळ होते आणि पाणी दुसरी वाट धरते. यात कोणाच्या पापपुण्याचा हिशेब नाही.

मग माणसाकडे काहीच नाही का? आहे. ओटा घालणे त्याच्याकडे आहे. कर्माचा सिद्धांत आपण आपल्याला लावावा, दुसऱ्याच्या दुःखावर त्याचा शिक्का मारू नये. ओढा बुजवून कोणी माडी चढवितो आणि पाणी शिरते खालच्या अंगाच्या गरिबाच्या झोपडीत. तेथे दोष आहे खरा, पण बुडालेल्याचा नव्हे.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर म्हणू, "माउली, पाप तुमचं नव्हतं. चुकलं आमचंच. चला, ओटा उंच घालू. माती वाहायला आम्हीही येतो."

रामकृष्णहरी!